अर्ध्या इमारतीतली लोकशाही

वेलिंग्टनमध्ये पाऊल ठेवल्या क्षणापासून वारा तुमचा ताबा घेतो. कुक सामुद्रधुनीवरून तो असा सुसाटत येतो, की छत्री उघडायचा विचारही इथली माणसं करत नाहीत. केस, ओढणी, पिशवी सावरत मी मोल्सवर्थ रस्त्यावर वळले आणि जागच्या जागी थबकले. हिरव्यागार उतारावर तीन इमारती एकमेकींना खेटून उभ्या! डावीकडे गोल, थराथरांनी वर निमुळती होत गेलेली, माथ्यावर तांब्याचं छप्पर असलेली ‘बीहाइव्ह’. मधे करड्या संगमरवराचे भक्कम खांब मिरवणारं संसदभवन. उजवीकडे टोकदार कमानींचं, १८९९ सालचं ग्रंथालय. तिघींचं एकमेकींशी काही म्हणजे काही जुळत नाही. पण एका देशाचा सगळा राज्यकारभार चालतो तो इथूनच, या हिरवळीवरून.

मधल्या इमारतीकडे जरा निरखून पाहिलं आणि डोळे विस्फारले. दर्शनी पायऱ्या मध्यावर नाहीतच, एका टोकाला आहेत! कारण ही इमारत अर्धीच आहे. १९०७ साली जुनं संसदभवन आगीत गेलं. नव्याचा आराखडा दिमाखदार होता, १९१४ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. माणसं आघाडीवर गेली, पैसा आटला. १९२२ मध्ये अर्धा भाग पुरा झाला, उरलेला अर्धा कधी झालाच नाही. ज्या जागी तो यायचा होता तिथे पुढे सर बेसिल स्पेन्स यांच्या कल्पनेतली ही गोल बीहाइव्ह उभी राहिली. पंतप्रधानांचं कार्यालय तिच्या नवव्या मजल्यावर, मंत्रिमंडळाची बैठक दहाव्या मजल्यावर.

आणि कुंपण? मी शोधतेच आहे. हिरवळीवर कचेरीतली माणसं बूट काढून डबा खात बसलीत. एक बाबागाडी चाललीय. पोहुतुकावाच्या झाडाखाली दोन मुलं लोळताहेत. मला नरिमन पॉइंटचं आपलं विधानभवन आठवतं. अधिवेशनाच्या दिवसांत तिथे लागणारे अडथळे, पाससाठीची धावपळ, पोलिसांच्या गाड्या. इथे संसदेच्या दाराशी रस्त्यावरून सरळ चालत यायचं! तपासणी होते, ती इमारतीत शिरताना.

न्यूझीलंडचं क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राहून थोडंसंच कमी, पण लोकसंख्या जेमतेम ५३ लाख. एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती! तेव्हा हे सगळं लहान, आटोपशीर, घरगुती असेल असं कुणालाही वाटावं. पण या लहानशा देशाने राज्यकारभाराचे जे प्रयोग केलेत, ते बघून मी अजून त्या आश्चर्यातून बाहेर आलेले नाही.

संसद दाखवायला एक तरुण मार्गदर्शक होती. तिने आम्हाला आधी नेलं तळघरात. दिव्याच्या उजेडात ओळीने काळ्या, जाडजूड चकत्या दिसतात. शिसं आणि रबर यांचे ठोकळे. ही अवाढव्य दगडी इमारत त्यांच्यावर तोलून धरलेली आहे! जमीन हादरली की ठोकळे हलतील, इमारत मात्र शाबूत राहील. हे तंत्र न्यूझीलंडच्याच बिल रॉबिन्सन या शास्त्रज्ञाचं. १९९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत हे काम इथे चालू होतं. त्याच काळात, १९९३ च्या सप्टेंबरमध्ये, आपलं किल्लारी एका पहाटे जमीनदोस्त झालं. त्या ठोकळ्यावर मी हात ठेवला. गार, खरखरीत. अंगावर काटा आला.

तळघरातून वर आलो तो एका भव्य दालनात. उंच छत, देखणे खांब, गालिचा, आणि माणूस एकही नाही. हे विधान परिषदेचं सभागृह. म्हणजे, होतं. आपल्याकडे विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ आमदार. विधान परिषद असलेली राज्यं भारतात सहाच आणि त्यांत महाराष्ट्र एक. न्यूझीलंडलाही असंच वरिष्ठ सभागृह होतं, सरकारने नेमलेल्या सदस्यांचं. १९५० साली पंतप्रधान सिडनी हॉलंड यांनी त्यात मुद्दाम असे नवे सदस्य नेमले, ज्यांचं काम एकच: ते सभागृह बंद करण्याच्या बाजूने मत देणं. लोक त्यांना ‘आत्मघातकी पथक’ म्हणू लागले. पथकाने काम फत्ते केलं. १ जानेवारी १९५१ पासून या देशाला एकच सभागृह आहे. हे रिकामं दालन आता मुख्यतः संसदेच्या उद्घाटनाला उघडतं. आपले राज्यपाल अभिभाषण करतात तसं गव्हर्नर जनरल इथे सरकारचं भाषण वाचतात. हे पद २००६ ते २०११ या काळात फिजीतून आलेल्या भारतीय कुटुंबातल्या आनंद सत्यानंद यांनी भूषवलं होतं, हे ऐकून ऊर भरून आला.

पुढची माहिती ऐकून तर मी उडालेच. या देशाची राज्यघटना एका पुस्तकात बांधलेली नाही! १९८६ चा घटना कायदा आहे, १९९० चा हक्कांचा कायदा आहे, जुने करार आहेत, रूढी आहेत. पण ‘ही आमची घटना’ म्हणून हातात धरावा असा एक ग्रंथ नाही. आणि संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. बाबासाहेबांच्या घटनेखाली वाढलेल्या माझ्यासारखीला हे पचायलाच वेळ लागला. सरकारने काही आगळीक केली तर सर्वोच्च न्यायालय आहे, हा आपला केवढा मोठा दिलासा! इथे दुसरं सभागृह नाही, घटनेचं पुस्तक नाही, न्यायालयाचा लगाम नाही. मग सरकारला अडवतं कोण? त्या रिकाम्या दालनात हा प्रश्न मनात घुसला आणि पुढचा सगळा मुक्काम मी त्याचंच उत्तर शोधत हिंडले.

पहिलं उत्तर दुपारी दोन वाजता मिळालं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. दोनच्या ठोक्याला सभागृह भरतं. मी प्रेक्षक गॅलरीत बसले आहे. खाली हिरवा गालिचा, हिरवी चामडी आसनं, भिंतींना फिकट रंगाचं देशी लाकूड. बाकं घोड्याच्या नालाच्या आकारात मांडलेली. मानदंड खांद्यावर घेतलेला अधिकारी पुढे, मागे अध्यक्ष. प्रार्थना होते. आणि दुसऱ्या मिनिटाला धडाधड प्रश्न! एका बैठकीला १२ तोंडी प्रश्न. कोणत्या पक्षाला किती प्रश्न, हे त्याच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात ठरलेलं. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नाची सूचना कित्येक दिवस आधी द्यावी लागते. इथे सकाळी दहाच्या सुमारास प्रश्न दाखल होतो आणि दुपारी दोनला मंत्री उत्तराला उभा!

त्यातही एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विरोधी पक्षनेता उठतो आणि विचारतो, “पंतप्रधान आपल्या सरकारच्या सर्व विधानांवर आणि कृतींवर ठाम आहेत का?” मला वाटलं, हा कसला प्रश्न? शेजारी बसलेली माझी मावसबहीण कानात कुजबुजली, “थांब, गंमत बघ.” पंतप्रधान “हो” म्हणतात आणि दार उघडतं. मूळ प्रश्न इतका ऐसपैस, की उपप्रश्न आता कशावरही विचारता येतो! रुग्णालयातल्या खाटा, शाळेतलं जेवण, फेरीबोट, दुधाचा भाव. पंतप्रधानांसमोर कागद आहेत, पण पुढचा प्रश्न काय येणार हे कागदाला ठाऊक नाही. आवाज चढतात, टोमणे उडतात, अध्यक्ष उभे राहतात आणि सगळे क्षणात खाली बसतात. एक सदस्य माओरी भाषेत, इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, बोलू लागते. सभागृहातले सगळे कानाला यंत्र लावतात, त्यात इंग्रजी भाषांतर चालू. एका छोट्या देशाच्या दोन भाषा एकाच छताखाली, सारख्या मानाने. आपली मराठी नरिमन पॉइंटच्या सभागृहात घुमते तेव्हा जो अभिमान वाटतो, तोच मला त्या परक्या भाषेसाठी वाटला.

सभागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर काळ्यापांढऱ्या फरशांची एक जागा आहे. पत्रकार तिथे कॅमेरे रोखून उभे असतात. मंत्री बीहाइव्हमधून सभागृहाकडे निघाले की ही वाट ओलांडताना पत्रकार त्यांना गाठणारच. आपल्या विधानभवनाच्या पायऱ्या आठवा. विरोधक फलक घेऊन तिथे घोषणा देतात, कधी टाळ, कधी कांद्याच्या माळा. इथे घोषणा नाहीत, पण त्या फरशांवरच्या एका अडचणीच्या उत्तराने संध्याकाळची बातमी ठरते.

मग मतदान. मला आपलं आवाजी मतदान माहीत होतं. ‘होय’वाले, ‘नाही’वाले, अध्यक्षांचा निर्णय. इथे आवाजी कौलाला कुणी आव्हान दिलं की क्लार्क पक्षाचं नाव पुकारतात, प्रतोद उठून आकडा सांगतो आणि बसतो. पुढचा पक्ष. आकडा. निकाल! सदस्याच्या सदसद्विवेकावर सोडलेला विषय असेल तर मात्र घंटा खणखणतात, सात मिनिटं खणखणतच राहतात, सगळे धावत येतात आणि होकाराच्या किंवा नकाराच्या लॉबीतून चालत जाऊन स्वतःचं मत स्वतः नोंदवतात.

आणि तो डबा! सामान्य सदस्याने मांडलेलं विधेयक, ज्याला आपण अशासकीय विधेयक म्हणतो, ते इथे चर्चेला कसं येतं, माहीत आहे? बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यातून! प्रत्येक विधेयकाला क्रमांक, क्रमांकाची चकती डब्यात, डबा हलवायचा आणि चकती काढायची. भिशीची चिठ्ठी निघावी तसं कायद्याचं नशीब निघतं. बरं, हा नुसता खेळ नाही. लुईसा वॉल या खासदाराचं समलिंगी विवाहाचं विधेयक २०१२ मध्ये याच डब्यातून निघालं. १७ एप्रिल २०१३ च्या रात्री ते ७७ विरुद्ध ४४ मतांनी संमत झालं, आणि प्रेक्षक गॅलरीतून कुणीतरी ‘पोकारेकारे आना’ हे माओरी प्रेमगीत सुरू केलं. पाहता पाहता गॅलरी गाऊ लागली, खालचे खासदार गाऊ लागले. आपल्याकडे अशासकीय विधेयकाचा कायदा होणं जवळपास थांबलंय. दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा झालेलं शेवटचं असं विधेयक १९७० मधलं. इथे त्या जुन्या डब्यातून देशाचे कायदे बाहेर पडतात!

माझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सभागृहात नव्हतं, ते समित्यांच्या खोल्यांत होतं. विधेयकाचं पहिलं वाचन झालं की ते बहुतेक वेळा चिकित्सा समितीकडे जातं, आणि समिती देशाला हाक घालते: या, बोला. कुणीही लेखी म्हणणं पाठवू शकतं. वकील नको, ओळख नको, शिफारस नको. ज्यांना प्रत्यक्ष बोलायचंय त्यांतल्या अनेकांना समितीसमोर वेळ मिळतो. मग समिती कलम अन् कलम तपासून अहवाल देते, त्यानंतर दुसरं वाचन. मग सगळं सभागृहच समिती बनतं, तेव्हा अध्यक्ष आपलं आसन सोडतात आणि मानदंड टेबलाच्या खाली उतरवून ठेवला जातो. शेवटी तिसरं वाचन आणि गव्हर्नर जनरलांची सही.

माझी ही मावसबहीण सांगलीची, आता लोअर हटला राहते. ती सहज म्हणाली, “मीपण दिलंय की म्हणणं, घरभाड्याच्या कायद्यावर.”

“तू? संसदेत?”

“अगं, संगणकावरून पाठवलं. मग त्यांनी बोलावलं. पाच मिनिटं बोलले. समोर सगळ्या पक्षांचे खासदार. एकाने तर मला उलटा प्रश्न विचारला.”

“ताई, पण तुझा पासपोर्ट तर अजून भारताचा!”

“मग काय झालं? मतसुद्धा देते मी इथे.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. खरं आहे! या देशात मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. कायम वास्तव्याचा परवाना असला आणि एक वर्ष सलग इथे राहिलेलं असलं की मतदार यादीत नाव घालता येतं. १९७५ पासून ही रीत आहे. सांगलीची मुलगी भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडचं सरकार निवडते!

आणि तेही दोन मतांनी. एक मत आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. पक्षाच्या मतांच्या प्रमाणात संसदेतल्या १२० जागांचा हिशेब लागतो. पाच टक्के मतं किंवा मतदारसंघातली एक तरी जागा, हा उंबरठा ओलांडला की पक्षाला त्याच्या वाट्याच्या जागा. पूर्वी इथे आपल्यासारखीच पद्धत होती: ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून आला. पण १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत लेबर पक्षाला देशभर जास्त मतं मिळाली आणि सरकार मात्र नॅशनल पक्षाचं आलं. लोक चिडले. १९९३ मध्ये सार्वमत झालं, सुमारे ५४ टक्क्यांनी कौल दिला, आणि देशाने निवडणुकीची पद्धतच बदलून टाकली!

१९९६ ची पहिली नवी निवडणूक मला फार ओळखीची वाटली. बहुमत कुणालाच नाही. विन्स्टन पीटर्स यांच्या न्यूझीलंड फर्स्ट पक्षाकडे १७ जागा आणि सत्तेची किल्ली. ऑक्टोबरमध्ये मतदान, सरकारचा निर्णय डिसेंबरात. २०१९ चा आपला नोव्हेंबर कुणाला आठवणार नाही? राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, मग महाविकास आघाडी. पण इथे आघाडी ठरली की तिचा करार लिहून छापला जातो. कोणत्या पक्षाला कोणतं खातं, कोणतं धोरण कोण मान्य करणार, हे जनतेपुढे कलमवार. काही पक्ष मंत्रिमंडळाबाहेर राहूनही विश्वासदर्शक ठरावाला आणि अर्थसंकल्पाला पाठिंबा देण्याचा लेखी शब्द देतात. एकट्याच्या बळावर बहुमत मिळवणारा पक्ष या नव्या पद्धतीत पहिल्यांदा दिसला तो थेट २०२० मध्ये, लेबरच्या ६५ जागांच्या रूपाने.

शिवाय हे सगळं दर तीन वर्षांनी! पाच नव्हे, तीन. मुदत चार वर्षांची करायची का, हे १९६७ आणि १९९० मध्ये लोकांना विचारलं. दोन्ही वेळा दोन-तृतीयांशांहून अधिक लोक ‘नाही’ म्हणाले. सरकारला जाब विचारायची संधी लांबवायला ते तयारच नाहीत.

सात जागा माओरी मतदारसंघांच्या आहेत, आणि इथे माझी पावलं अडली. माओरी वंशाच्या मतदाराने ठरवायचं, आपलं नाव सर्वसाधारण यादीत ठेवायचं की माओरी यादीत. माओरी यादीतले मतदार आपला खासदार स्वतंत्रपणे निवडतात. १८६७ मध्ये या जागा पाच वर्षांपुरत्या म्हणून सुरू झाल्या, त्या आजही आहेत! मला येरवडा दिसू लागलं. १९३२. बाबासाहेबांनी मागितलेले, मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ, गांधीजींचं उपोषण, २४ सप्टेंबरचा पुणे करार. त्यातून आपल्याकडे राखीव जागा आल्या, पण त्यांना मत सगळ्यांनी मिळून द्यायचं. बाबासाहेबांना जी वाट सोडावी लागली, तिच्यासारखी एक वाट इथे दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. त्यांनी ती कशी पाहिली असती, या विचाराने मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

कारण वाट सोपी नाही. १४ नोव्हेंबर २०२४ ची चित्रफीत जगाने पाहिली. माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या वाइतांगीच्या १८४० च्या करारातल्या तत्त्वांची नवी व्याख्या करणारं विधेयक पहिल्या वाचनाला आलं होतं. २२ वर्षांची खासदार हाना-राविती माइपी-क्लार्क उठली, विधेयकाची प्रत तिने फाडली आणि हाका हे माओरींचं आवेशपूर्ण समूहनृत्य सुरू केलं. डोळे विस्फारलेले, आवाज छतापर्यंत! गॅलरीही तिच्या सुरात मिसळली. पुढे तिला सात दिवस आणि तिच्या पक्षाच्या दोन सहनेत्यांना २१ दिवस निलंबित केलं गेलं, या संसदेच्या इतिहासातली सर्वांत मोठी शिक्षा. पण या शिक्षेच्या आधी काय घडलं, ते ऐका. हजारो माणसं पायी, गाड्यांनी देश ओलांडत याच हिरवळीवर आली. समितीकडे तीन लाखांहून अधिक लेखी निवेदनं आली, त्यांतली बहुतेक विरोधात. ५३ लाखांच्या देशात! १० एप्रिल २०२५ ला विधेयक दुसऱ्या वाचनाला आलं आणि ११ विरुद्ध ११२ मतांनी कोसळलं.

मला माझं उत्तर मिळालं होतं. सरकारला अडवतात ती माणसं. लिहिणारी, चालत येणारी, पाच मिनिटं बोलणारी, तीन वर्षांनी जाब विचारणारी माणसं.

याच सभागृहाने मार्च २०१७ मध्ये एका नदीला व्यक्ती ठरवलं. व्हांगानुई नदी! कायद्याने तिला माणसासारखे हक्क, आणि तिच्या वतीने बोलायला दोन पालक, एक माओरींचा, एक सरकारचा. नदीकाठच्या लोकांचा हा लढा १४० वर्षांचा. कायदा झाला तेव्हा गॅलरीत म्हातारी माणसं रडत होती, गात होती. गाणं ही इथली रीतच आहे. माओरींशी झालेल्या तडजोडीचा कायदा मंजूर झाला की गॅलरी गाते आणि सभागृह उभं राहून ऐकतं. आपल्याकडेही त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला असाच दर्जा दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस मला आठवला. आपल्या नदीच्या वतीने सभागृहात कोण उभं राहील?

शेवटी रस्ता ओलांडून राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. मंद उजेडाची, लाकडाच्या सुगंधी गाभाऱ्यासारखी खोली. काचेखाली कागदाची गुंडाळी. १८९३ साली केट शेपर्ड यांनी सह्यांचे कागद एकाला एक चिकटवले, २७० मीटरहून लांब गुंडाळी झाली आणि ती झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली. स्त्रियांना मताचा हक्क द्या, ही मागणी. त्या वर्षीच्या सगळ्या अर्जांवर मिळून जवळजवळ ३२ हजार स्त्रियांच्या सह्या. खासदार जॉन हॉल यांनी ही गुंडाळी सभागृहाच्या मधल्या वाटेत सोडली. ती उलगडत गेली, उलगडत गेली आणि पलीकडच्या भिंतीवर धाडकन आदळली! पंतप्रधान रिचर्ड सेडन यांना हा कायदा नको होता. तरी तो वरिष्ठ सभागृहात २० विरुद्ध १८ मतांनी संमत झाला आणि १९ सप्टेंबर १८९३ ला न्यूझीलंड स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देणारा जगातला पहिला स्वायत्त देश ठरला. त्याच वर्षी सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेचं अध्यक्षपद सावित्रीबाई भूषवत होत्या. दोन टोकांच्या दोन बायका, एकच वर्ष! शाईच्या त्या फिकट सह्या मी वाचत राहिले. कुणाचं अक्षर वळणदार, कुणाचं थरथरतं.

ज्या वरिष्ठ सभागृहाने हा हक्क दोन मतांनी वाचवला, तेच पुढे ५७ वर्षांनी बंद झालं. म्हणून दोन सभागृहं चांगली की एक, याचा निवाडा मी करणार नाही. आपल्या विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनीच रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी तिचा कायदा केला आणि दुष्काळात लाखो घरांची चूल पेटती राहिली, हे मी विसरू शकत नाही. इमारत पूर्ण की अर्धी, सभागृहं दोन की एक, घटना लिहिलेली की विखुरलेली, यांवर बरंच काही अवलंबून असतं. पण सगळ्यात जास्त अवलंबून असतं ते दाराशी कोण येतं यावर.

आणि दार आपल्याकडेही आहे! महाराष्ट्र विधिमंडळातही विधेयकं समितीकडे जातात. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांनी बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती पाठवल्या होत्या. ५३ लाखांच्या देशात एका विधेयकावर तीन लाख. अकरा कोटींहून मोठ्या महाराष्ट्रात बारा हजार. हा फरक कायद्याचा नाही, सवयीचा आहे. पुढच्या वेळी एखादं विधेयक समितीकडे गेल्याची बातमी वाचाल तेव्हा ते मिळवा, वाचा आणि तुमचं म्हणणं पाठवा. एक पान पुरे. मुंबईला किंवा नागपूरला अधिवेशनात गॅलरीचा पास मिळाला तर मुलांना घेऊन जा, त्यांना आपल्या आमदाराचा प्रश्न ऐकू द्या. ती खुर्ची तुमची आहे, जाऊन बसा.